बिडाला घातलेले टाके

वाकीच्या धक्क्यावर मास्तरांनी नाथाजी खरातांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते इंजिनावर वाकून उभे होते. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलेलं, मूठ कानाला लावलेली, डोळे मिटलेले. इंजिन धडधडत होतं. लाँचमध्ये पंधरा-सोळा माणसं, दोन शेळ्या आणि अंड्यांची एक पाटी होती, आणि कुणी चकार शब्द काढत नव्हतं. मास्तर बदली होऊन आलेले; पलीकडच्या काठावरच्या शाळेत त्यांना त्या दिवशी हजर व्हायचं होतं. त्यांनी शेजारी बसलेल्या अंडीवाल्या रंगुबाईंना विचारलं, हे काय चाललंय म्हणून.

"पूजा करत्यात," रंगुबाई हळूच म्हणाल्या. "मधी बोलू नगा, गुरुजी. लाँच अडती."

नाथाजींनी डोळे उघडले. दोन नंबरचा व्हॉल्व्ह वाजतोय, असं स्वतःशीच बोलावं तसं बोलले आणि सुकाणू धरून बसलेल्या अर्जुनाला हात केला. लाँच निघाली. ही गोष्ट चौसष्ट सालची.

कोयनेच्या धरणाचं पाणी चढत आलं तेव्हा जावळीच्या त्या अंगाची आठ गावं तुटली. जिथे पूर्वी नदी ओलांडून अर्ध्या तासात जाता येई, तिथे डोंगराच्या वळशाने दीड दिवस लागू लागला. मग आठ गावांनी संस्था काढली आणि कोकणातल्या एका बंदरावरून जुनी लाँच विकत आणली. ती ट्रकवर बसून घाट चढून आली. इंजिन दोन सिलिंडरचं, डिझेलचं, दुसऱ्या महायुद्धाच्याही आधीचं. हयात मासे वाहण्यात गेलेली. उन्हाळ्यात तापलं की त्याला अजून मासळीचा वास यायचा आणि माळकरी मंडळी नाकाला उपरण्याचं टोक लावून बसायची.

पहिल्या वर्षी इंजिन महिन्यातून चारदा तरी भर पाण्यात बंद पडे. तेव्हाचा मेकॅनिक त्याला हातोडीने ठोकी आणि दर अमावास्येला त्याच्यापुढे नारळ फोडी. त्याच्या जागी नाथाजी आले आणि दोन्ही गोष्टी थांबल्या.

नाथाजी मूळचे शिराळ्याकडचे. चौदा वर्षं फौजेच्या वर्कशॉपात काढलेली. घरी आले ते एक पेटी हत्यारं आणि कुठलीही गोष्ट जागच्या जागी ठेवायची सवय घेऊन. छप्पन साली घराने धम्म घेतला, तेव्हापासून नारळ फोडायचा नाही, कुंकू लावायचं नाही, हे त्यांचं ठरलेलं. त्याबद्दल ते कुणाशी वाद घालत नसत. फक्त करत नसत.

संस्थेचे चेअरमन भाऊसो. त्यांची सगळी जमीन पाण्याखाली गेली होती आणि लाँच त्याच पाण्यावरून चाले, त्यामुळे लाँचवर त्यांचा जीव होता. नारळाचं काय करायचं, असं त्यांनी पहिल्याच महिन्यात विचारलं. ज्याला फोडायचा त्याने पुढे टोकाला खुशाल फोडावा, असं नाथाजी म्हणाले.

"तुमचा देव टोकाला, माझं काम खाली. दोघांनी एकमेकांच्या वाटंत यायचं न्हाई."

भाऊसोंनी चार दिवस विचार केला. त्या चार दिवसांत इंजिन एकदाही बंद पडलं नाही, म्हणून ते कबूल झाले.

नाथाजींचं काम बघत बसणं हा मास्तरांचा येता-जाता विरंगुळा झाला. डिझेल आधी मुक्ताबाईंच्या, म्हणजे नाथाजींच्या पत्नीच्या, जुन्या लुगड्याच्या चार पदरांतून गाळलं जाई. मगच टाकीत पडे. जुन्या इंजिनाचे सुटे भाग कुठेच मिळत नसत. नाथाजी कराडच्या मोडबाजारात जात, पाण्याच्या पंपाचे, गिरणीचे, कसकसले भाग घेऊन येत आणि घासून घासून ते इंजिनाला पटवून देत. एकदा त्यांनी मास्तरांकडे जाडसा पुठ्ठा मागितला. शाळेत फाटका नकाशा होता, पुठ्ठ्यावर चिकटवलेला. इंजिनाच्या पाण्याच्या पंपाच्या झाकणाखाली त्यानंतर बरीच वर्षं आफ्रिकेचा दक्षिण भाग होता. पाण्याचा एक थेंब गळला नाही.

सहासष्ट सालच्या खंडेनवमीला हे सगळं बिघडलं.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते आणि त्या दिवशी हत्यार चालवायचं नसतं. दर साली लाँचही धक्क्याला बांधून ठेवत. पण त्या साली नेमका एक साहेब पाहणीला आला आणि सकाळीच दोन खेपा कराव्या लागल्या. अकराच्या सुमाराला लाँच परतली तेव्हा इंजिन चुलीसारखं तापलं होतं. नाथाजी हात धुऊन जेवायला घरी गेले. जाताना भाऊसोंना सांगून गेले की दुपार टळेपर्यंत इंजिनावरच्या खोक्याला हात लावू नका, माणसं भाजतील.

भाऊसो सकाळपासून ताट घेऊन थांबले होते. हळद, कुंकू, झेंडूचा हार, नारळ. त्यांच्या मनात आलं, आज सण इंजिनाचा आणि नारळ टोकाच्या लाकडाला, हा कुठला न्याय? वर्षातनं एक दिवस. त्यांनी खोकं उघडलं, इंजिनाला हात न लावता लांबूनच हळदकुंकू टाकलं, हँडलला हार अडकवला आणि नारळ इंजिनाच्या हेडवर आपटला. हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण. बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, मणभर वजनाचं. नारळ एका घावात फुटला. गार पाणी तापल्या बिडावर पडलं, चर्र झालं आणि वाफेचा लोट उठला. देवीने घेतलं, असं म्हणून भाऊसोंनी हात जोडले. मास्तर धक्क्यावर होते. त्यांना खोबऱ्याचा तुकडा मिळाला आणि तो त्यांनी खाल्ला.

दुसऱ्या दिवशी दसरा. पलीकडची माणसं सोनं वाटायला अलीकडे येणार होती. धक्क्यापासून फर्लांगभर गेल्यावर हेडवर पाण्याची चिळकांडी उडाली, इंजिन आचके देत थांबलं आणि लाँच वल्ही मारत परत आणावी लागली. नाथाजींनी खोकं उघडलं. हेडच्या पाठीवर वीतभर लांब, केसासारखा तडा गेला होता. तो शोधायची गरज नव्हती. कुंकू आत उतरून त्याची लाल रेघ झाली होती.

नाथाजींनी वाकून ती रेघ नीट पाहिली. मग त्यांनी बोळा डिझेलमध्ये बुडवला आणि हेड पुसून काढलं. मास्तर पाठीशीच उभे होते.

धक्क्यावर बोलणं सुरू झालं. दोन-अडीच वर्षं इंजिनाला नारळ नाही, मग कोपणार नाही तर काय, असं एकाने म्हटलं आणि ते सगळ्यांना पटलं. भाऊसोंनाही पटलं, आपण पूजा केली पण फार उशिरा केली, असा त्यांचा हिशेब. नवं हेड कुठे मिळणार नव्हतं. कोकणातला एक मेकॅनिक स्वतःचं इंजिन घेऊन यायला तयार होता, तसं त्याचं पूर्वीच आलेलं पत्र भाऊसोंच्या खिशात होतं. धक्क्यावरच बैठक बसली. नाथाजींनी आठ दिवस मागितले. आठ दिवसांत लाँच चालली नाही तर नोकरी आणि धक्क्यावरची खोली सोडून जातो, म्हणाले. खोलीत मुक्ताबाई होत्या, दोन मुली होत्या आणि थोरली मास्तरांच्या शाळेत चौथीत होती.

हेड खांद्यावर घेऊन ते एसटीने कराडला गेले. तिथल्या ओतकाम करणाऱ्याने ते उलटंपालटं करून बघितलं आणि भंगारात घाला म्हणून सांगितलं. नाथाजी हेड घेऊन परत आले. येताना त्यांनी तांब्याची सळई आणली.

मग त्यांनी तड्याला टाके घालायला घेतले. तड्याच्या शेवटाला हातड्रिलने एक बारीक भोक पाडायचं, त्यात आटे पाडायचे, तांब्याचा स्क्रू आवळून बसवायचा, कापायचा. पुढचं भोक असं पाडायचं की ते आधीच्या स्क्रूला थोडं चावेल. मग पुन्हा आटे, पुन्हा स्क्रू. दिवसाला चार टाके होत, फार तर पाच. घाई केली की बीड तडकतं आणि तडा पुढे पळतो. मास्तर शाळेला होडीने जात, दोन तास लागत. परत आले की हेड हलू नये म्हणून धरून बसत. चौथ्या दिवशी त्यांना राहवलं नाही. नारळ कुठे फुटला ते मी पाहिलंय, म्हणाले, मी सगळ्यांना सांगतो.

नाथाजी ड्रिल फिरवत राहिले. भोक पुरं झाल्यावर त्यांनी त्यातला कीस फुंकला.

"सांगून हेड सांधतंय का, गुरुजी?"

"नाही. पण दोष तुमच्यावर येतोय."

"आन तुमी सांगितलं तर काय हुईल? म्हणतील, ह्याचा नारळावर राग हाय, म्हणून गुरुजीला पढवलं. मग चाललेल्या इंजिनावर बी मला कोन ठेवंल? त्यापरीस ह्ये चालू द्या. धरा नीट."

मास्तरांनी नीट धरलं.

आठव्या दिवशी सकाळी हेड बसलं. धक्क्यावर दोन्ही काठांची माणसं जमली होती. पलीकडची होड्यांतून आली होती. अर्जुनाने हँडल मारलं. पहिल्यांदा नुसताच धूर आला. दुसऱ्यांदा इंजिन दोनदा खोकलं. तिसऱ्यांदा लागलं. नाथाजींनी कुणाला लाँचमध्ये येऊ दिलं नाही. पाव तास इंजिन तापू दिलं आणि टाक्यांवरून कोरडा कागद फिरवला. कागद कोरडाच राहिला. मग त्यांनी भाऊसोंना, या, बघा, असं म्हटलं.

भाऊसो खाली उतरले. धोतर सावरत वाकले. काळ्या हेडच्या पाठीवर तांब्याच्या ठिपक्यांची रांग चकाकत होती. ते बोट न लावता एकेक ठिपका मोजू लागले. सत्तावीस झाले. मग त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजले, पण या वेळी मध्येच थांबले. आपण कुठे उभे होतो, हात कुठून खाली आला, हे ते आठवत असावेत.

"नाथाजी," ते म्हणाले, "नारळ मी हितंच हाणला हुता."

"इंजिन तापलं हुतं, चेअरमन. गार असतं तर काय झालं नसतं."

"तुला ठावं हुतं?"

"व्हय."

भाऊसो सरळ झाले. धक्क्यावर येऊन त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की हेड आपल्या नारळाने फुटलं, देवीचा यात काही संबंध नाही, तिला मध्ये ओढू नये. मागून कुणीतरी विचारलं, मग कोकणातल्या मेकॅनिकला काय कळवायचं? भाऊसोंनी खिशातलं पत्र काढून मास्तरांच्या हातात दिलं आणि नको म्हणून लिहून टाकायला सांगितलं. नीट शब्दांत लिहा, म्हणाले. बिचाऱ्याने तयारी केली असेल.

मास्तरांनी त्याच दिवशी कार्ड टाकलं. लाँच साडेदहाला सुटली, म्हणजे नेहमीपेक्षा तीन तास उशिरा.

ते हेड आणखी सात वर्षं चाललं. पुढे रस्ता झाला, संस्था मोडली आणि इंजिन कुणीतरी भंगारात नेलं.

नाथाजी पुढे कराडला थोरल्या मुलीकडे राहायला गेले. सकाळी नातवाला शाळेत पोचवत आणि येताना भाजी आणत.