सेफ्टीबाईंचा अनय

जयमाला देवरे मूळच्या नाशिकच्या. कतारमधल्या एका गॅस प्रकल्पात त्या सुरक्षा अधिकारी आहेत आणि दोह्याच्या अबू हमूर भागातल्या आमच्या कंपाउंडमध्ये, म्हणजे कुंपणाआतल्या वसाहतीत, राहतात. प्रकल्पावर त्यांच्या एका शब्दासरशी काम थांबते. कंपाउंडमध्ये लोक त्यांना 'सेफ्टीबाई' म्हणत आणि त्यांच्या शब्दाला हसत.

या हसण्याचा जाच त्यांच्या मुलाला, अनयला होई. एका वाढदिवसाला जयमालांनी फुगेवाल्याचा गळका सिलिंडर परत पाठवला, तेव्हापासून त्याला कुठलेच बोलावणे येईना. "यू कम, युअर मॉम कम्स," असे मुलांनी त्याला तोंडावर सांगितले होते. त्याला एकदा तरी त्या घोळक्यात पाहावे, एवढेच जयमालांना हवे होते.

त्या वर्षी दिवाळी आणि हॅलोविन एकाच संध्याकाळी आले. कंपाउंडचा रिवाज असा, की ज्या दारात दिवा असेल त्याच दारी मुलांनी भुताखेतांचे झगे घालून खाऊ मागायचा. जयमालांनी ग्रुपवर लिहिले: झगे घोट्याच्या वर असावेत, हाती टॉर्च असावा, पायऱ्यांवर तेलाच्या पणत्या नकोत, सेलच्या लावाव्यात.

शेजारच्या विभावरी जोगळेकरांनी त्यांना फाटकाशीच गाठले.

"अगं, सेलवर टीव्हीचा रिमोट चालतो, लक्ष्मी नाही चालत!"

"वहिनी, पोरांचे झगे नायलॉनचे आहेत. निदान कठड्यावर तरी ठेवा पणत्या."

"बरं बाई. हेल्मेट घालूनच बसते पूजेला."

घरी अनय जमिनीवर लोळणारा काळा झगा घालून उभा होता. जयमाला कात्री घेऊन आल्या. "प्लीज, आई," तो रडू लागला, "नॉट टुडे." त्यांनी कात्री ठेवून दिली.

पुढच्या प्रसंगाबद्दल दोन्ही घरांचे म्हणणे एका मुद्द्यावर जुळत नाही. विभावरींच्या मते पणत्या कठड्यावर होत्या, जयमालांच्या मते पायरीवर. मुलांनी अनयला सर्वांच्या पुढे ढकलले आणि विभावरींच्या दाराशी त्याचा झगा पेटला, याबद्दल दुमत नाही. मागून येणाऱ्या जयमालांनी त्याला खाली पाडले, लोळवले, बागेची नळी त्याच्यावर धरली. भाजणे एका पायापुरते राहिले ते त्यामुळेच, असे डॉक्टर म्हणाले.

बघणाऱ्यांच्या लक्षात वेगळेच राहिले. "पोराला काय आपटलं हो तिनं!" विभावरी मला म्हणाल्या. मग आवाज उतरवून, "आणि स्वतः सेफ्टी ऑफिसर!" हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकले, की ते प्रथम कोण बोलले हे ठरवता येत नाही. त्या दोन घरांबाहेर पणत्यांचा विषय कुणीच काढला नाही.

जखम भरून पट्टी निघाली, त्यानंतर एका दुपारी बेल वाजली. दारात कंपाउंडची सगळी मुले उभी होती.

"आंटी, कॅन वुई सी हिज लेग?"

जयमाला दार लोटू लागल्या. आतून अनय लंगडत धावत आला.

"आई, थांब! दे केम फॉर मी!"

त्याने पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला. एक मुलगी किंचाळली. मागचे पुढच्यांच्या खांद्यांवरून वाकले.

"कॅन आय टच?"

"वन बाय वन," अनय ऐटीत म्हणाला. तो हसत होता.

जयमालांनी दार पुरते उघडले.