तलावाच्या पाळीवरचं वळण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि जिला सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्या वहिनीला तर नाहीच. अकरा वर्षं झाली. या कागदावर तुम्हाला सांगतो — वाचणारे तुम्ही निदान मधेच "जाऊ द्या" म्हणणार नाही.

वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. केशोरीत आमच्या घराच्या पडवीत तिची शिलाई मशीन. गावातल्या अर्ध्या बायकांचे ब्लाउज तिथूनच शिवून जायचे. मला अर्जुनीला नोकरी लागली तेव्हा मोटारसायकलीसाठी बाबांकडे शब्द टाकला तोही तिनंच. आणि त्याच गाडीवर —

थांबा. आधी स्टँडचं सांगतो.

गाडीवर दोघं बसले की मागचा भाग दबतो, गाडी रस्त्याजवळ येते. एकट्यानं जे वळण सहज निघतं, तिथं मग मेन स्टँड खाली टेकतं. मला हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. मिस्त्रीनं गाडीखाली वाकून दाखवलं होतं — स्टँडच्या डाव्या पायाचा रंग उडून लोखंड चकाकत होतं. "डबल सीट असताना येवढी तिरपी कायले करून राहिला बे? स्टँड रोडले टेकलं का मागचं चाक उचलते. शॉकअप टाइट करून देतो, अन् वळणावर हळू जात जाय."

मी म्हटलं, पुढच्या वेळी. खरं सांगू? मला तो आवाज आवडायचा. मित्राला मागे बसवून तलावाच्या पाळीवरच्या वळणावर मी मुद्दाम गाडी झुकवायचो. चर्र व्हायचं, मित्र ओरडायचा, मला मजा यायची.

त्या दुपारी मागे वहिनी होती. अर्जुनीहून अस्तराचं कापड घेऊन आम्ही परतत होतो. पाळ दिसली तशी ती म्हणाली, "भाऊजी, हळू." मी हसलो — आणि गाडी झुकवली. तिला थोडं घाबरवायचं होतं, एवढंच. चर्र झालं, मागचं चाक उचललं गेलं, आम्ही डावीकडे घसरत गेलो. मला खरचटलं. वहिनीचा डावा कोपर मोडला.

दवाखान्यात भावानं विचारलं, कसं झालं? मी तोंड उघडण्याआधीच वहिनी बोलली, "मीच हालली जी. पिशवी सावराले गेली, अन् भाऊजीचा तोल गेला." तिला खरंच तसं वाटत होतं. भाऊ सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडला, "गाडीवर बसता येत नाही का तुले? हा पोरगा मेला असता!" मग माझ्याकडे वळला, "खरंच हालली का?"

हो म्हणालो. एवढंच — हो.

प्लास्टर निघालं, पण हात पुन्हा पूर्ण सरळ झाला नाही. कापड धरता यावं म्हणून ती अजून मशीनपुढे तिरपी बसते. बाबांनी गाडी विकायचं काढलं, तर तीच आडवी आली — "मंग भाऊजी नोकरीवर कायनं जातील?" मला तर गाडी सुरू करायचाही धीर होत नव्हता. ती अंगणात आली, सगळ्यांदेखत माझ्यामागे बसली. "चला, दवाखान्यात सोडा मले."

माझी नोकरी टिकली ती त्या दिवसामुळे. पुढे माझ्या बायकोचे लग्नातले ब्लाउज तिनं शिवले, मुलीचा शाळेचा पहिला गणवेश तिनं शिवला — त्याच हातानं. मला जे काही चांगलं मिळालं, त्यात कुठे ना कुठे ती आहेच. कोणत्या तोंडानं उपकार मानू?

गेल्या महिन्यात मुलगी गाडीवर माझ्यामागे बसली. वहिनीनं तिला बजावलं, "हालू नोको हं बाई. मी हालली होती, म्हून तुह्या बाबाची गाडी पडली." मुलगी ताठ झाली, श्वाससुद्धा घेईना. मी हेल्मेटचा पट्टा चाचपत राहिलो. मग गाडी सुरू केली.

वहिनी हलली नव्हती. गाडी मी झुकवली होती — माहीत असून, मजेसाठी, ती हळू म्हणत असताना.

हा कागद मी भावाला वाचून दाखवणार आहे, वहिनीसमोर. माफी मागणार नाही. मागितली, तर ती लगेच देऊन टाकेल.