कोडोलीला न पाठवलेली पिशवी

"हिनंच सांगितलं गोळ्या सोडायला," असं मी म्हणाले आणि बोट सुनेकडं केलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात, भर दुपारी, जमलेल्या सगळ्या पावण्यांच्या देखत. आत माझी धाकटी बहीण शांता नळ्या लावून बेशुद्ध पडलेली. डॉक्टर नुकतेच विचारून गेले होते — साखर एवढी चढेपर्यंत गोळ्या बंद कुणी केल्या? शांताच्या मुलानं, संभानं, माझ्याकडं बघितलं. मी बोट केलं.

दीपाली, माझी सून, भिंतीला टेकून उभी होती. हातात संभासाठी आणलेला डबा. ती एवढंच म्हणाली, "आत्ती, मी?"

मी खोटं बोलले होते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, देवापुढंही नाही. तुम्हाला का सांगते? तुम्ही माझे कोणी नाही, म्हणून. मी चौथी शिकलेली बाई आहे. गोड करून सांगायची मला सवय नाही, आणि हे गोड होणारंही नाही.

आमचं घर कसबा बावड्यात. दीपाली कॉलेज शिकलेली. खाण्यापिण्याचं तिला कळायचं. गल्लीतल्या बाया तिला विचारायला यायच्या — वजन कसं उतरवू, पोराला काय देऊ. त्यातून तिच्या डोक्यात आलं की हेल्थ कोचचं सर्टिफिकेट घ्यायचं, घरबसल्या, ऑनलाइन. हे काय असतं म्हणून मी विचारलं. म्हणाली, "लोकांना खाण्याच्या, झोपंच्या, चालायच्या सवयी लावायच्या, आत्ती. मागं लागायचं, पन मायेनं."

"म्हंजे सासूचंच काम की! त्याला सर्टिफिकेट कशाला?"

ती हसली. मी नाही हसले.

मला पहिल्या दिवसापासून संशय होता. शाळा दिसत नाही, मास्तर दिसत नाही, आणि शिकायचं म्हणे! आणि फोनवर सारखे बाप्यांचे आवाज — मॅडम, मॅडम. कोण हे? माझ्या सुनेशी यांचं काय काम? ती भाकरी थापताना फोन पिठाच्या डब्याला टेकवून स्पीकरवर लावायची. मी बाहेरच्या सोप्यात लसूण सोलत बसायची, आणि कान स्वयंपाकघरात. चोरी पकडायला बसले होते, दुसरं काय? लसूण कधीच सोलून झालेला असायचा, तरी मी उठायची नाही.

तिला त्यातला एक कोर्स निवडायचा होता. बरेच बघितले, नाकारले, शेवटी दोन उरले. एकात एक बाई बोलायची. कोरडा आवाज. आमचा अभ्यास लांबतो, परीक्षा कडक असते, माणसांवर सराव करावा लागतो, असलं सांगायची. दुसऱ्यात एक माणूस. त्याच्या मागं बासरी वाजायची. तो म्हणायचा, आमच्याकडं शिका आणि लोकांच्या साखरेच्या गोळ्या कायमच्या बंद करा. सकाळी दुध्याचा रस प्यायचा, बस्स.

मला वाटलं, दीपाली त्याला भुलणार. ती भुलली नाही. तिनं थापणं थांबवलं आणि सरळ विचारलं, "सर, गोळ्या बंद करा म्हनून सांगनारे आम्ही कोन? आम्ही डॉक्टर न्हाय की. आनि तुमच्याकडनं शिकून गेलेल्या एखाद्या बाईशी बोलायला मिळंल काय?" तो म्हणाला, मॅडम, जागा थोड्याच राहिल्यात. तिनं पिठाच्या हातानं फोन बंद केला. "फसवं हाय हे," असं म्हणाली, एकटीच.

हे मी ऐकलं. नीट ऐकलं. हे ध्यानात ठेवा.

तिनं त्या कोरड्या आवाजाच्या बाईचा कोर्स धरला. जेवताना मला म्हणाली, "आत्ती, सराव तुमच्यावरच करनार. पन तुमची साखरेची गोळी चालूच र्‍हानार. औषधाला हात लावायचा न्हाय, ह्योच तिथला पहिला धडा."

आता कुणी म्हणेल, मग संशय गेला असेल. नाही गेला. उलट मला राग आला. उद्या ही सर्टिफिकेट दाखवून माझ्या चहातली साखर काढणार. गल्लीतल्या बाया आधी मला विचारायच्या, आता हिला विचारतात. माझ्याच घरात ही मास्तरीण होणार आणि मी पाटी घेऊन बसणार? हे होतं पोटात. बाकी सगळं वरवरचं.

शांता कोडोलीला दिलेली. तिलाही साखर, मलाही साखर. दोघींना एकच गोळी. तिच्या गावात ती मिळायची नाही असं नाही, पण आमच्यात एक रीत पडली होती — दर महिन्याला दोघींच्या गोळ्या मी इथूनच घ्यायच्या आणि तिची पिशवी कोडोलीच्या एस्टीत कंडक्टरकडं द्यायची. ती स्टँडवर येऊन उतरवून घ्यायची. पिशवीत मी लसणाची चटणी पण घालायची. थोरल्या बहिणीनं मोकळी पिशवी पाठवू नये म्हणून.

रोज दुपारी आमचा फोन. एक दिवस मी कुचेष्टेनं म्हणाले, "आमच्या बाईसाहेब आता डॉक्टर होनार! दुध्याचा रस पाजून गोळ्या बंद करनार."

"व्हय? खरं सांगतीस?" शांताला कुचेष्टा कधी कळली नाही, लहानपणापासून. गोळीनं तिच्या पोटात मळमळायचं. "दीपालीच म्हनली न्हवं? मग मी बी सोडू काय, आक्का?"

तेव्हा सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "बघ की."

पुढच्या आठवड्यात ती म्हणाली, "ह्या म्हैन्याला पिशवी पाठवू नगंस. लई हलकं वाटतंय. दीपालीला सांग, मावशीनं आशीर्वाद दिलाय."

मी तो आशीर्वाद पोचवला नाही. पिशवी पाठवली नाही. का? इथंच माझी जीभ अडते — पण सांगते. मला वाटलं, शांताला जराशी चक्कर यावी. जरासा बोभाटा व्हावा. दीपालीचं नाव निघावं, आणि घरातलं हे खूळ बंद पडावं. एवढंच वाटलं. एवढंच म्हणजे कमी होतं का?

नंतर शांता सांगायला लागली, "तहान लई लागती गं, घागर संपत्या, पन तहान जात न्हाय." मला कळलं नाही असं म्हणू? गोळ्या सुरू व्हायच्या आधी मलाही तशीच तहान लागायची. मला कळलं होतं. मी म्हणाले, उन्हाळा हाय.

आणि आणखी एक. त्या सगळ्या दिवसांत मी माझी स्वतःची गोळी एकदाही चुकवली नाही.

दवाखान्यात मी बोट केल्यावर संभा दीपालीला म्हणाला, "वैनी, फोनवर शिकून मानसं मारायला लागलीस व्हय? आई तर रोज तुझंच नाव घेत हुती." माझ्या मुलानं तिथंच तिला सांगितलं, ते सगळं आजपासून बंद. दीपालीनं पुन्हा माझ्याकडं बघितलं. तिला काय समजलं, मला माहीत नाही. तिनं डबा बाकावर ठेवला आणि जिना उतरून गेली.

तिनं कोर्स सोडला. गल्लीतल्या बाया तिला विचारायला येत नाहीत. समोरून आली तर पदर सारखा करत दुसरीकडं बघतात. ती आता साड्यांना फॉल लावते, मान खाली घालून. माझ्या चहात साखर किती घालते ते विचारत नाही, मी म्हणेन तेवढी घालते. पण सकाळी गोळी माझ्या तळहातावर ठेवते, पाण्याचा तांब्या धरून उभी राहते, आणि मी गिळेपर्यंत हलत नाही.

"गिळा, आत्ती."

तिला सगळं ठाऊक आहे का? त्या दिवशी माझं फोनवरचं बोलणं तिनं ऐकलं असेल का — जसं मी तिचं ऐकायची? एवढे दिवस मी तिच्यावर संशय घेतला. आता मी तिच्या तोंडाकडं बघते आणि संशय घेते. ती तांब्या पुढं करते. मी गिळते.

शांता त्या दवाखान्यातून घरी आली नाही. आम्हा दोघी बहिणींना एकच दुखणं होतं, एकच गोळी होती. मी जिवंत आहे.