सामाईक स्लॅबची गळती

भूत, करणी, भानामती, बाहेरचं... यातल्या कशावरही माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. परंड्यात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. सिमेंट, पाईप, रंग – आणि वॉटरप्रूफिंगचं सगळं सामान. मे महिना लागला की तालुक्यातली माणसं मलाच येऊन विचारतात, "शेठ, स्लॅब गळतंय, काय लावू?" आणि यंदा माझंच घर गळलं. हसा. सगळं गाव हसून झालंय, तुमचंच राहिलं होतं.

आमचं गाव परंड्याहून सोनारीकडं जाणाऱ्या रस्त्याला आहे. गावात शिरल्यावर उजव्या हाताला मोठा लिंब लागतो, त्याच्यामागं आमचं घर. म्हणजे आता दोन घरं. वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, बांधलं तेव्हा एकच होतं, वर एक सलग स्लॅब. ते गेल्यावर थोरल्या भावाची, म्हणजे दादाची आणि माझी वाटणी झाली. मधोमध भिंत आली, मधलं दार विटांनी बुजवलं. पण स्लॅब काही कापता येत नाही, तो सामाईक राहिला. पाणी उतरायचा पाईपही एकच, तोही दादाच्या बाजूला.

आणि आईची पाळी लावली. एका अमावस्येपासून दुसऱ्या अमावस्येपर्यंत ती माझ्याकडं, मग पुढची अमावस्या येईपर्यंत दादाकडं. तिचं सामान म्हणजे एक गोधडी, पितळी तांब्या आणि पानाची चंची. अमावस्येला ते सगळं पिशवीत घालून ती एका दारातून निघायची आणि ओट्यावरून चालत दुसऱ्या दारात शिरायची. कधी माझी बायको सुनीता आदल्या दिवशीच पिशवी भरून दाराशी ठेवायची. कधी दादाकडून निरोप यायचा, "अमावस्या दुपारनं लागतीया, सकाळच्याला पाठवू नगा." गावात चार घरं सोडून पाचव्या घरात असंच चालतं, त्यामुळं आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

वाटणीनंतरचा हा पहिलाच पावसाळा. मी ठरवलं, आपल्या बाजूला थेंब येऊ द्यायचा नाही. मे महिन्यात सगळा स्लॅब झाडून लिंबाचा पाला काढला. चिरा खरवडून भरल्या. कठड्याच्या सांध्यात जाळी बसवली, त्यावर दुकानातला सगळ्यात भारी माल दोन हात मारला. फक्त माझ्या अर्ध्या भागावर, हे उघडच आहे. दादा खाली लिंबाखाली बसून बघत होता. त्यानं झाडूसुद्धा हातात घेतला नाही. म्हणाला, "आण्णांनी टाकलेला स्लॅब हाय, त्याला काय हुतंय?"

मृग कोरडाच गेला. पुढं आई माझ्याकडं आली आणि पाऊस लागला. माझं छत एकदम ठणठणीत. मी दुकानात गिऱ्हाईकाला छाती काढून सांगायचो, स्वतःच्या घरावर वापरलाय माल!

आषाढातल्या अमावस्येला आई दादाकडं गेली. त्याच आठवड्यात माझ्या मधल्या खोलीत, पलंगाच्या बरोब्बर वर, थेंब सुरू. मग स्वयंपाकघरात. मग मीटरच्या पाटीशेजारी. मी वर चढलो, नवीन थर दिला, ताडपत्री टाकली, तिच्यावर दगड ठेवले. तरी गळतंय! आमच्या सगळ्या पराती, पातेली, बादल्या जमिनीवर, आणि सुनीता ज्वारीची पोती एकदा या भिंतीला, एकदा त्या भिंतीला ओढतेय. मिस्त्रीला आणलं. त्यानं सगळीकडं ठोकून पाहिलं आणि डोकं खाजवलं. "शेठ, माज्या हिशेबानं हितं गळायलाच न्हाय पायजे." माझ्याही हिशेबानं नकोच होतं हो! आणि दादाकडं, ज्यानं काडी हलवली नाही त्याच्याकडं, कोरडं ठक्क. मला वाटलं, यानंच पाईप तुंबवून पाणी माझ्याकडं वळवलं असणार. भांडण झालं. ते सांगत बसत नाही.

पोळ्याच्या अमावस्येला आई परत आमच्याकडं आली. त्या दिवशी मुसळधार पाऊस होता... आणि आमच्याकडची गळती थांबली. मला आनंद झाला, म्हटलं शेवटी माल चालला. तेवढ्यात भिंतीपलीकडून वहिनीचा आवाज आला, "अवो, परात आणा, परात!"

लक्षात आणून दिलं ते सुनीतानं. भाकरी थापता थापता म्हणाली, "मी काय म्हनते, आत्या जिकडं आसत्यात तिकडं गळत न्हाय." आत्या म्हणजे तिची सासू, माझी आई. मी तिला झापलं. असल्या गोष्टी घरात बोलायच्या नाहीत म्हटलं.

पण डोक्यात किडा शिरला. एका दुपारी चांगला पाऊस लागला होता, आई माझ्याकडंच होती. मी तिला म्हणालो, "आई, वहिनीकडनं जरा चहाची पत्ती आण की." ती डोक्यावर पोतं घेऊन ओट्यावरून पलीकडं गेली. मी मधल्या खोलीत उभा राहून वर बघत बसलो. ती त्यांच्या दारात शिरली असेल-नसेल, आमच्या छताला एक ओला ठिपका आला, फुगला आणि टपकन खाली पडला. मग दुसरा.

पलीकडून वहिनी ओरडली, "थांबलं वो आमचं!"

इकडून सुनीता ओरडली, "आमचं सुरू झालं!"

आई पत्ती घेऊन परत आली. आमचं थांबलं, त्यांचं सुरू झालं. मी तिला साखरेला पाठवलं. मग काडेपेटीला. दर वेळी तेच. ती वैतागून म्हणाली, "आरं, येकदाच काय ते सांग की, माजं गुडघं दुखत्यात." मला सांगा, काय सांगायचं?

स्लॅबच्या चिरेत पाणी साठतं, भरलं की गळतं, रिकामं झालं की थांबतं, हे मलाही कळतं. माझा धंदाच आहे तो. पण चिरेला कसं कळतं, आई ओट्याच्या कुठल्या टोकाला आहे ते?

मग व्हायचं तेच झालं. सर्वपित्री अमावस्या जवळ आली तसा दादा स्वतः आमच्या दारात आला, वाटणीनंतर पहिल्यांदा. "आईची पिशवी भरा, न्यायला आलोय." मी म्हणालो, "अजून अमावस्या लागली न्हाय." तो म्हणाला, "सकाळी लागतीया." मी म्हणालो, "दुपारी लागतीया." त्यानं कॅलेंडर आणलं, मी मोबाईल काढला. मग मी बोलून गेलो, की परतीच्या पावसाचा सगळा काळ आई माझ्याकडंच राहील, पाहिजे तर पुढं उन्हाळाभर न्या. दादा भडकला, "उनाळ्यात नीऊन काय करू?"

आई ओट्यावर पान लावत बसली होती. हे सगळं तिच्यासमोर चाललं होतं. तिनं पान तोंडात घातलं, चंचीची दोरी आवळली. म्हणाली, "म्या लई ग्वाड झाले की रं येकदम." बस, एवढंच. आवाज चढला नाही, डोळ्यात पाणी नाही. पिशवी तिनं स्वतःच भरली. ती दादाकडंही गेली नाही. सकाळच्या एसटीनं भूमला, तिथून गाडी बदलून तेरखेड्याला, आमच्या बहिणीकडं... अक्काकडं. आम्ही दोघंही स्टँडपर्यंत मागं गेलो. तिनं खिडकीतून पाहिलंसुद्धा नाही.

आणि मग तो पाऊस आला. परतीचा, वाऱ्यासकट, ढग फुटल्यासारखा. माझं घर गळलं, दादाचंही गळलं. एका वेळी, सगळ्या खोल्यांतून, भिंतींतून, बुजवलेल्या दाराच्या विटांतून. दादा आणि मी एकाच शिडीनं वर चढलो, एकच ताडपत्री दोन टोकांनी धरली. वाऱ्यानं ती लिंबाच्या शेंड्यावर नेऊन टाकली. दादा पाण्यात मटकन बसला आणि म्हणाला, "आईला फोन लाव." मी म्हणालो, "तुमी लावा." शेवटी कुणीच लावला नाही.

दिवाळीच्या तोंडावर मी मोटरसायकल काढून तेरखेड्याला गेलो. अक्काचं घर पत्र्याचं. भाऊजी फटाक्याच्या कारखान्यात कामाला, त्या गावात ओल म्हणजे काय नुकसान हे पोरंसोरं जाणतात. अक्का दारातच सांगायला लागली, "दरसाली ह्या पत्र्यातनं धारा लागत्यात. यंदा येवढा पाऊस झाला, पर टिपूस न्हाय बग! आईचा पायगुण." मला रागच आला. पत्र्याला खिळ्यांची भोकं दिसत होती, त्यातून उजेड येत होता!

बाहेर भुरभुर चालू होती. आई भिंतीला टेकून वाती वळत होती. मी म्हणालो, "आई, चल घरी. तुझ्याबिगर करमत न्हाय."

तिनं हातातली वात पुरी केली. मग विचारलं, "गळतंय म्हनून आलास व्हय?"

मी म्हणालो, "न्हाय."

आणि माझ्या टाळूवर थंडगार थेंब पडला. एकच. अक्कानं वर पाहिलं, मी वर पाहिलं. पत्रा कोरडा होता. आईनं वर पाहिलं नाही, ती माझ्याकडंच बघत होती. "जेवून जा," एवढं म्हणाली आणि नवी वात घेतली. मी एकटाच परत आलो.

कुणाला असा अनुभव असेल तर जरूर लिहा. पण कृपा करून कुठलं केमिकल वापरावं ते सांगू नका, ती सगळी माझ्या दुकानात आहेत. माझ्याकडं याचं काहीही स्पष्टीकरण नाही. आतापर्यंत दोन मिस्त्री आणि एक इंजिनिअर आणून झाले, कुणाकडंच नाही.

आता आभाळ निरभ्र आहे. उन्हाळ्यातल्या वळवापर्यंत काही गळायचं नाही. परवा दादानं बुजवलेल्या दाराच्या चार विटा काढल्या, भोकातून मला हाक मारली आणि म्हणाला, "आता जाऊन आण तिला. आता कोन म्हनंल, गळतीसाठी नेलं म्हनून?" बरोबर आहे त्याचं. मी रोज सकाळी गाडी पुसतो, किल्ली लावतो... आणि दुकानाकडं वळतो. ती पुन्हा तेच विचारणार. मी पुन्हा "न्हाय" म्हणणार. आणि या कोरड्या आभाळाखाली, अक्काच्या त्या पत्र्यातून पुन्हा थेंब पडला तर?

मला खरंच कळत नाही हो... की मी तिला कशासाठी आणायला निघालोय.