तक्रारीच्या बटणावर अध्यक्ष

बिट्टन मार्केटात सडक्या कोबीचा वास आला की तिथलं आमच्या नागरिक संघटनेचं ऑफिस आठवतं. मी सांभाळायचो त्या आमच्या वेबसाइटवर लोक कुठे बोट दाबतात ते स्क्रीनवर लाल डागांनी दिसायचं, आणि सगळा लाल रंग ‘नळाला घाण पाणी’ या तक्रारीच्या बटणावर साचला होता. अध्यक्ष खूश झाले. “वा! बस्, इथेच माझा फोटो लाव.” मी नाही म्हटलं, त्यांनी दुसऱ्याकडून लावून घेतला. मग नेहरू नगरातल्या एका काकूंचा फोन आला, “अरे बेटा, नातू जुलाबाने पडलाय, तक्रार करायला दाबते तर तुमचे अध्यक्षच मोठे होतात!” मी ते तसंच सांगितलं. अध्यक्षांनी विचारलं, “कितीदा दाबलं म्हणाली?” मी तिथून उठून सरळ काकूंकडे गेलो, पण त्या प्रश्नाची किळस अजून येते.