बाजपंख कोणाचा?

भूतखेत, करणी असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. मी स्टील प्लांटमध्ये मेंटेनन्सला आहे. मशीन बंद पडलं की कारण असतंच, एवढंच मला ठाऊक. पण गेल्या हिवाळ्यात, भिलाईच्या हुडको वसाहतीतल्या एका हॉलमध्ये, भरदुपारी जे पाहिलं...

माझे मधुकाका तरुणपणी हिंदी कॉमिक्ससाठी चित्रं काढायचे. 'बाजपंख' त्यांचाच – पंखांच्या टोकांना नखं असलेला सुपरहिरो. आज कुणाला आठवतही नाही. चार-दोन अंक निघाले, आणि त्यांवर नाव छापून आलं जोडीदाराचं, बन्सीलालचं. वर त्यानेच काकांना चोर ठरवलं. काकांनी पुन्हा कधी ब्रश धरला नाही. गेले तेही तो डाग घेऊनच.

काका गेल्यावर काही महिन्यांतच, जुन्या कॉमिक्सच्या प्रदर्शनात बन्सीलालचा सत्कार ठरला. काकू म्हणाली, "मले घेऊन चाल."

"कावून जीव जाळून राहिली, काकू?"

"त्याचं तोंड पाहाचं हाय मले."

स्टेजवर बाजपंखाचं माणसाएवढं कापडी पोस्टर टांगलं होतं. बन्सीलालने त्यावर उजवा हात ठेवला आणि माइकवर म्हणाला, "ये मेरा बच्चा है. मैंने अकेले बनाया."

काकू पोस्टरकडे एकटक पाहत पुटपुटली, "ह्यांचा हायेस तू. ऐकून राहिला ना?"

आणि फडफड सुरू झाली... जड, मोठ्या पंखांची. खिडक्या बंद, पंखे बंद – तरी असा झोत आला की टेबलावरचे हार खाली पडले. बन्सीलाल किंचाळला. त्याच्या उजव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, लाल ओरखडे उमटत होते. माझ्या डोळ्यांदेखत! जवळ कुणीही नव्हतं.

"मधुकर का है! मधुकर ने बनाया! छोड़ो मुझे!"

माइक चालूच होता. सगळ्या हॉलने ऐकलं. मग फडफड थांबली.

आयोजक म्हणाले, खिळा लागला असेल. मी स्वतः जाऊन तपासलं – कापड आणि दोरी, बाकी काही नाही. डॉक्टरांनाही जखमा कशाच्या ते सांगता आलं नाही. हात मात्र गेला तो गेलाच.

कारण मला आजही सापडलेलं नाही. परवा काकूला सांगितलं, बन्सीलालला आता उजव्या हाताने पेनही धरता येत नाही म्हणे.

ती मेथी निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "अन् डावा?"