कामाच्या वेळेत न वाचणारा माणूस

नाव: लव्हर्न अर्नेस्ट टीडमन. वय: सदुसष्ट. उंची: पाच फूट दहा इंच, टोपीसकट सहा. हुद्दा: नियमपालन अधिकारी (अर्धवेळ), मुक्काम एल्मर फोर्ड, नेब्रास्का. ताब्यातील सरकारी मालमत्ता: मोजपट्टी एक, पेन्सिल एक. अधिकारकक्षा: गावहद्दीतील प्रत्येक पाटीची लांबी, रुंदी, उंची व रस्त्यापासूनचे अंतर. पाटीवरील मजकूर: सदर अधिकाऱ्यास दिसत नाही.

शेवटची नोंद आमच्या गावाच्या वकीलबाई मिस ओल्टमन यांनी घातली. त्याआधी एकतीस वर्षं लव्हर्न गावात टपाल वाटत होता, आणि एखादं पोस्टकार्ड त्याने न वाचता दिलं, असा आरोप त्याच्यावर आजवर कोणी केलेला नाही. माझ्या बहिणीला मुलगी झाल्याचं मला त्याच्याकडूनच कळलं. कार्ड त्याने मागाहून हातात ठेवलं. बाळाच्या नावाचं स्पेलिंग बहिणीने चुकवलंय, तेही सांगितलं.

अशा माणसाला न वाचण्याची नोकरी लागली ती आर्लीन कुचेरामुळे. आर्लीन विधवा, घर दुसऱ्या गल्लीच्या टोकाला, आणि घरासमोर खड्डा. त्यात तिच्या गाडीचा आस मोडला. ती तीनदा महापौरांना भेटायला गेली. तिन्ही वेळा साहेब मासे धरायला गेले होते. चौथ्यांदा ती गेली नाही. प्लायवुडचा अख्खा तक्ता आणून तिने अंगणात ठोकला:

महापौर श्लेगल
हा खड्डा तुमच्यापेक्षा बरा
निदान जागेवर सापडडतो

डेनिस श्लेगल राज्यघटनेचा मोठा भक्त. दरवर्षी चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, बँडस्टँडवर उभा राहून तो पहिली घटनादुरुस्ती मोठ्याने वाचतो, आणि भाषणस्वातंत्र्यापाशी आला की त्याचा गळा न चुकता दाटून येतो. आर्लीनची पाटी पाहूनही दाटला.

मी नगरसभेतल्या पाच जणांपैकी एक, हात वर करण्यापुरता. त्यामुळे पुढचं बोलणं माझ्यासमोरच झालं.

"ती पाटी काढायची," श्लेगल म्हणाला.

"का?" वकीलबाईंनी विचारलं.

"का म्हणजे? माझा अपमान आहे तो!"

"महापौराचा अपमान करायचा हक्क आहे तिला. धमकी दिलीय का?"

"नाही," श्लेगलने खेदाने कबूल केलं.

"खोटं काही लिहिलंय? खड्डा नाहीये का तिथे?"

श्लेगलने खिडकीबाहेर पाहिलं.

"मग मजकुराला हात लावायचा नाही. आकार मोजा, अंतर मोजा, दिवस मोजा. नियम सगळ्यांना सारखा. आणि मोजणाऱ्याने पाटी वाचायची नाही. वाचली, की आपण कोर्टात हरलो."

प्लायवुडचा अख्खा तक्ता बत्तीस चौरस फुटांचा असतो. आम्ही सर्व पाट्यांसाठी मर्यादा ठरवली तीस. तीसच का, असं कोणी विचारलं नाही. माझाही हात वर होता. लव्हर्नला मोजपट्टी मिळाली. त्याने गावातल्या एकेचाळीस पाट्या मोजल्या, आणि नियमबाह्य निघाली एक.

आर्लीनने शेजाऱ्याकडून करवत आणली आणि उजवीकडून सहा इंच कापले. तक्ता तीस चौरस फुटांत बसला. श्लेगलचा ल गेला.

मग आम्ही दुसरा नियम केला: जिचे खांब सिमेंटात रोवलेले नाहीत ती पाटी तात्पुरती, आणि तात्पुरती पाटी साठ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येणार नाही. एकसष्टाव्या दिवशी लव्हर्नने आर्लीनला नोटीस दिली. नियम सगळ्यांना सारखा, म्हणून त्याच दिवशी तो ल्युथरन चर्चच्या पाटीपाशीही गेला. त्याच चर्चच्या तिसऱ्या बाकावर तो दर रविवारी बसतो, आणि ती पाटी त्याची बायको मार्लिस दर ईस्टरला नव्याने रंगवते. पाटी लाकडी खुंट्यांवर अकरा वर्षं उभी आहे. तिच्यावर लिहिलंय: प्रभू येशू लवकरच येत आहे.

"पास्टर, एक तर काढा, नाहीतर सिमेंट घाला," लव्हर्न म्हणाला.

पास्टर गंडरसन दुखावले. "सिमेंट घातलं तर लोक काय म्हणतील? यांचाच भरवसा उडाला! अरे, तात्पुरतीच आहे ती. तो आला की काढायची."

"कधी?"

"लवकरच."

"तसं पाटीवर लिहिलंय का?"

"लव्हर्न! तुला ठाऊक नाही?"

"मला दिसत नाही, पास्टर."

श्लेगलचं म्हणणं, चर्चचं वेगळं. वकीलबाई म्हणाल्या, "वेगळं आहे हे कळलं कसं? वाचलीत वाटतं?" तेव्हा चर्चची नोटीस 'विचाराधीन' म्हणून माझ्यासमोर खणात गेली, आणि आर्लीनची तेवढी उरली. खड्डा बुजला की पाटी काढायचीच, म्हणून आर्लीनने सिमेंट घातलं नाही; तिने काउंटीच्या न्यायाधीशाकडे दाद मागितली: माझी पाटी दिवसांसाठी नाही, शब्दांसाठी काढताहेत. वकीलबाईंनी सरळ सांगितलं की आपल्याकडे बचाव एकच आहे. लव्हर्नने शपथेवर सांगायचं, मी ती वाचलेली नाही. त्याने तसं सांगितलं तर पाटी त्याच संध्याकाळी उतरणार. नाही सांगितलं तर पाटी राहणार आणि लव्हर्नची नोकरी जाणार.

"दोन शब्द, लव्हर्न," श्लेगल म्हणाला. "'वाचली नाही.' पोपटसुद्धा म्हणेल."

सुनावणीच्या दिवशी सकाळी अंडी वाढताना मार्लिसने लव्हर्नला विचारलं, "बायबलवर हात ठेवायचाय ना?"

"हो."

"बरं. रविवारी मला तुझ्याच शेजारी बसायचंय, एवढं लक्षात ठेव."

कोर्टात आर्लीनने वकील आणला नव्हता. ती स्वतःच उभी राहिली.

"लव्हर्न, माझ्या पाटीवर काय आहे रे?"

"साडेसात फूट बाय चार."

"लिहिलंय काय, ते विचारलं."

"पांढऱ्यावर काळं."

मागे कोणीतरी खोकल्यासारखं हसलं. वकीलबाई समाधानाने कागद आवरायला लागल्या.

"बरं बाबा," आर्लीन म्हणाली. "मी करवत चालवली तेव्हा चष्मा घरात राहिला होता. एखादं अक्षर गेलं का रे?"

लव्हर्नने बायबलकडे पाहिलं, मग मार्लिसकडे. एकतीस वर्षांचं टपाल त्याच्या तोंडाशी येऊन उभं राहिलेलं मला दिसलं.

"एक गेलं," तो म्हणाला. "ल. शेवटचा. आणि 'सापडतो'मध्ये एक जास्तीचं पडलंय. ते करवतीमुळे नाही, ते तुमचंच."

न्यायाधीशांनी हसू गिळलं. "म्हणजे मिस्टर टीडमन, तुम्ही पाटी वाचलीत."

"दोनदा, साहेब. पहिल्यांदा खात्री वाटेना."

आर्लीनची नोटीस रद्द झाली, आणि आठवड्याभरात आम्ही दोन्ही नियम मागे घेतले. तेव्हाही माझा हात वर होता. चर्चची पाटी अजून तात्पुरतीच आहे. चार जुलैला श्लेगलने पहिली घटनादुरुस्ती पुन्हा वाचली, जरा भरभर. खड्डा जागेवर सापडतो.

लव्हर्नला बडतर्फीचं पत्र गेलं. कारण: कामाच्या वेळेत वाचन. पत्रात दोन चुका होत्या. त्याने त्या पेन्सिलीने दुरुस्त केल्या, खाली सही केली, आणि मोजपट्टीबरोबर पेन्सिलही परत पाठवली.